महालक्ष्म्यांचं जेवण, शेंगदाण्याची ॲलर्जी आणि आपला आग्रह

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. यंदा त्यांच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला पन्नास-साठ माणसं येणार आहेत. भाच्याच्या सहा वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. चुलत जाऊबाईंना सिलियाक असल्यानं गहू कायमचा बंद आहे. शेजारचं कुटुंब जैन आहे, आणि सासरे मधुमेहाचे. सासूबाईंनी बजावलं आहे की नैवेद्य बदलायचा नाही. सगळ्यांना पोटभर आणि बिनघोर जेवू कसं घालायचं?

ताई, सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे. नैवेद्य बदलायची गरज नाही. पुरण, आंबील, सोळा भाज्या, कढी, वडे, भजी, वरणभात या सगळ्याला शेंगदाण्याचा एक दाणाही लागत नाही. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आपल्याकडे गेल्या काही शतकांतच आलेला. तो भाजीत आणि पंचामृतात शिरला तो चवीसाठी आणि दाटपणासाठी, विधीसाठी नाही. सासूबाईंना हे शांतपणे सांगा. मी अशी घरगुती कार्यं वर्षानुवर्षं करते आहे, आणि देवीच्या ताटाला हात न लावता पाहुण्याचं ताट सुरक्षित करता येतं हा माझा अनुभव आहे. मात्र त्याची तयारी किराण्याच्या यादीपासून सुरू होते. पंगत बसल्यावर सुचलेल्या युक्त्या कामाला येत नाहीत.

तुमच्या चार पाहुण्यांच्या चार अडचणी एका जातीच्या नाहीत, हे आधी नीट लक्षात घ्या. मुलाच्या बाबतीत जिवाला धोका आहे आणि तो काही मिनिटांत उभा राहू शकतो. जाऊबाईंना पंगतीत बहुधा काही जाणवणार नाही, पण गव्हातल्या ग्लुटेनमुळे त्यांच्या शरीराची संरक्षणयंत्रणा त्यांच्याच आतड्याच्या अस्तराला इजा करते. पोट आज दुखो न दुखो, ती इजा होतच राहते. म्हणून ‘थोडंसं चालेल’ हे वाक्य या दोघांसाठी वापरायचंच नाही. शेजाऱ्यांचा प्रश्न व्रताचा आहे. सासऱ्यांचा प्रश्न गोडाइतकाच घड्याळाचा आहे. तुमची निम्म्याहून जास्त मेहनत पहिल्या दोघांसाठी जाणार आहे आणि ती तशीच जायला हवी.

माझा नियम सोपा आहे. जो पदार्थ स्वयंपाकातून पूर्ण काढता येतो तो त्या दिवशी घरातूनच काढायचा. जो काढता येत नाही तो वेळेनं आणि भांड्यानं वेगळा ठेवायचा. शेंगदाणा काढता येतो. पुरणपोळीची कणीक काढता येत नाही. त्यामुळे मुलासाठी ‘बिनदाण्याचं वेगळं ताट’ करू नका, सगळ्यांचंच जेवण बिनदाण्याचं करा. साठ ताटांत एक ताट वेगळं असलं की चूक व्हायला साठ संधी मिळतात, कारण वाढणारे हात बदलतात आणि मुलं एकमेकांच्या ताटातलं उचलतात.

आता दाणा आपल्या घरात कुठे कुठे लपतो ते बघू. कोशिंबिरीतलं कूट, पंचामृत, वांग्याच्या भाजीचं वाटण, चिवडा, साबुदाण्याची उसळ, सुक्या चटण्या हे तुम्हाला आठवेलच. पण मिक्सरचं चटणीचं भांडं विसरतं. पात्याखालच्या रबरी वायसरमध्ये महिन्याभराचं कूट बसलेलं असतं. ते भांडं त्या दिवसापुरतं वर ठेवून द्या, किंवा वायसर बदलून सगळं साबणानं घासा. मसाल्याच्या डब्यात कुटाचा चमचा फिरलेला असेल तर जिरं-मोहरी नवीन काढा.

दुसरं म्हणजे तेल. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या फल्ली तेलात, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलात, प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, आणि ॲलर्जी होते ती प्रथिनांची. पण आता आपल्याकडे लाकडी घाण्याच्या तेलाची आवड वाढली आहे. घाण्याच्या फल्ली तेलात दाण्याची प्रथिनं राहतात, ते या मुलाला चालणार नाही. मी अशा कार्याला फल्ली तेलाची चर्चाच ठेवत नाही. सूर्यफुलाचा नवा सीलबंद डबा फोडते. जवस किंवा तिळाचं तेल घेणार असाल तर मुलाच्या आईला आधी विचारा, शेंगदाण्याबरोबर तीळही न चालणारी मुलं असतात. काजू, बदाम, अक्रोडाचंही तसंच. शेंगदाणा हा खरं तर डाळींच्या कुळातला, पण त्याची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सुका मेवाही सोसत नाही.

कुटाऐवजी काय? पुष्कळ बायका फुटाण्याच्या डाळ्याचं कूट घालतात. बाजारातले फुटाणे घेऊ नका, फुटाणेवाल्याच्या भट्टीत त्याच रेतीत शेंगाही भाजल्या जातात. सुक्या खोबऱ्याचा कीस घरी भाजून घाला. कोशिंबीर, भाजी दोन्हीला चांगला लागतो. फक्त खोबरंही आईला विचारूनच.

भाजल्यानं किंवा तळल्यानं दाण्यातला ॲलर्जीचा गुण जात नाही. तळणातून दाणे काढून टाकले, भाजीतून वेचून टाकले, तरी ती भाजी त्या मुलासाठी बाद. आणि हात धुवायचे ते साबण-पाण्यानं. सॅनिटायझर लावला की जंतू मरतात, पण दाण्याचा अंश हातावर तसाच राहतो. येणाऱ्या पाहुण्यांनाही आधीच फोनवर सांगा की येताना चिक्की, फरसाण, दाण्याचे लाडू आणू नका. मुलं खेळतात त्या खोलीत कुणाच्या पिशवीतून काय निघेल ते आपल्या हातात नसतं.

आता जाऊबाई. इथे पोळीचं पीठ घरभर उडणार हे गृहीत धरून चालायचं. म्हणून त्यांचं सगळं सकाळी, कणीक भिजवायच्या आधी करा आणि झाकून वेगळ्या जागी ठेवा. पुरण वाटून झालं की भरायला घ्यायच्या आधीच त्यांच्यासाठी वाटीभर काढून ठेवा. पोळ्या करणाऱ्या बाईंचे कणकेचे हात एकदा पुरणात गेले की ते पुरण त्यांना चालत नाही. ही एवढी एक वाटी वेळेवर काढली की जाऊबाईंना देवीच्या पुरणाचा घास मिळतो. पोळीशिवाय पुरण आणि तूप भाताबरोबर छान लागतं.

ज्वारीची आंबील त्यांच्यासाठी आयतीच आहे, पण ज्वारी कुठे दळली हा प्रश्न राहतो. चक्कीवाल्याकडे आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळलेला असतो आणि त्याचं पीठ जात्यात असतं. सिलियाकला तेवढंही पुरतं. घरची चक्की असली तरी तिच्यात गहू दळत असाल तर तीच अडचण. मग ज्वारी निवडून, धुवून, वाळवून स्वच्छ मिक्सरमध्ये बारीक करा, किंवा ग्लुटेनमुक्त असं लिहिलेलं पाकीट आणा. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे असं लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. भजी-वड्यांचं बेसनही सुटं घेऊ नका. चण्याची डाळ निवडून धुवून घरी दळा. सुट्या डाळीत गव्हाचे दाणे निघतात, ते निवडताना दिसतात, पिठात दिसत नाहीत.

हिंग हा सगळ्यात फसवा. डबीतला बहुतेक हिंग म्हणजे थोडा हिंगाचा चीक, डिंक आणि उरलेला मैदा किंवा तांदळाचं पीठ. वरणाची फोडणी, कढी, सोळा भाज्या सगळ्यात तो पडतो. डबीवरचे घटक वाचा. तांदळाचं पीठ असेल तर घ्या, मैदा असेल तर त्या दिवशी हिंग नको. नैवेद्याआधी आपण चव घेत नाही, त्यामुळे अंदाजानं सांभाळू असं म्हणायला इथे जागा नाही. पुड्या आणि डब्या वाचायच्या त्या आदल्या दिवशी.

तळणाचा क्रम पाळा. नव्या तेलात आधी उडदाचे वडे, मग भजी, मग पापड. कुरडया, पुऱ्या शेवटी, कारण त्या गव्हाच्या. आणि फुलोऱ्याचं उरलेलं तेल वड्यांना वापरायचंच नाही. आदल्या दिवशी करंज्या-पापड्या तळल्या, तेल गाळून ठेवलं, दुसऱ्या दिवशी तेच चढवलं, हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. गाळणीतून पीठ जातं. लाकडी पोळपाट, लाटणं आणि पोळ्यांचा तवा जाऊबाईंच्या कामाला घेऊ नका. भाकरी हवीच असेल तर स्टीलच्या परातीत थापा आणि वेगळ्या कढईत किंवा नव्या तव्यावर भाजा. त्यांच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, रंगीत दोरा बांधा आणि त्याचा सराटा (उलथणं) त्याच गंजात राहू द्या.

शेजाऱ्यांच्या बाबतीत योगायोग बघा. महालक्ष्म्या भाद्रपद शुद्ध पक्षात ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात, आणि दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत असतं. म्हणजे शेजारी दिगंबर असतील तर तुमचं जेवण त्यांच्या पर्वात पडतं. त्या दिवसांत अनेक जण एकदाच जेवतात, हिरव्या भाज्या सोडतात, उकळलेलं पाणी पितात. त्यामुळे ‘कांदा-लसूण नाही हो, काळजी करू नका’ एवढं सांगून भागत नाही. आपल्या नैवेद्यातही कांदा-लसूण नसतोच. सोळा भाज्यांत आलू, रताळं, गाजर, मुळा असतो, वाटणात ओलं आलं असतं, ते सगळं जमिनीखालचं. आल्याऐवजी सुंठ चालते. व्रत कडक पाळणारे कच्च्या दह्या-ताकाबरोबर डाळीचं काही खात नाहीत, मग बेसनाची कढी आणि दहीवडे त्यांच्यासाठी बाद. जेवण सूर्यास्ताआधी हवं. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नागपूरला सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान सूर्य मावळतो, आणि आपल्याकडे नैवेद्य होऊन पंगत बसायला कितीदा सात वाजतात! त्यांना साडेचारला बोलवा, किंवा नुसतं दर्शनाला बोलवून व्रत संपल्यावर जेवायला घाला. काही जण पर्वात बाहेर जेवतच नाहीत. मानापमान मनात न आणता आधी विचारून घ्या.

सासऱ्यांसाठी साखर कमी केलेलं पुरण करत बसू नका, त्यांच्या ताटाकडे बघून कुणी बोलणार नाही एवढं सांभाळा. किती खायचं ते त्यांना कळतं. त्यांची खरी अडचण उशिराची आहे. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन नैवेद्यापर्यंत उपाशी थांबलेल्या माणसाची साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची चिन्हं. अशा वेळी लगेच साखरेचं पाणी किंवा ग्लुकोज द्यायचं, थोड्या वेळानं पोटभरीचं काही. त्यापेक्षा त्या दिवसाच्या औषधाबद्दल डॉक्टरांना आधी विचारा आणि ठरल्या वेळी त्यांना घरात वेगळं काही खायला द्या. देवीच्या आधी घास घेतला म्हणून कुणी त्यांना बोलू नये, ही जबाबदारी तुमची आणि सासूबाईंची.

हे चौघे तुम्हाला माहीत आहेत. बाकीच्या पन्नास जणांचं काय? ‘काही पथ्य आहे का हो?’ असं विचारलं की आपली माणसं संकोचानं म्हणतात, ‘छे, सगळं चालतं.’ म्हणून मी पदार्थांची नावं घेऊन विचारते. दाणे, तीळ, काजू, दूध, गहू, बेसन, वांगं, यातलं काही खाल्लं की त्रास होतो का? बेसन आणि वांगं मी मुद्दाम घेते, आपल्याकडे चण्याची आणि वांग्याची ॲलर्जी असलेली माणसं भेटतात आणि महाप्रसादात नेमकं तेच असतं. लगेच दुसरा प्रश्न, खाल्लं की काय होतं? पोट फुगतं म्हणाले तर एक तयारी, ओठ सुजतात किंवा धाप लागते म्हणाले तर वेगळी. नुसतं ‘पित्त होतं’ म्हणाले तर थांबून विचारा, छातीत जळजळ होते की अंगावर गांधी उठतात? दुधाचंही तसंच. ज्यांना दुधातली साखर पचत नाही त्यांना थोडं ताक, दही, तूप बहुधा चालतं. ज्यांना दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी आहे त्यांना तूपसुद्धा विचारल्याशिवाय द्यायचं नाही.

आता ज्याला मी सगळ्यात जास्त घाबरते त्याबद्दल. आपला आग्रह. स्वयंपाकघरात सगळं सांभाळलेलं असतं आणि पंगतीत एखादी मायाळू आजी मुलाच्या तोंडाजवळ घास नेते, ‘प्रसादानं काही होत नाही रे बाळा.’ तिच्या मनात प्रेमच असतं. म्हणून तिला आदल्या दिवशीच सांगा, सगळ्यांसमोर नाही, जवळ बसून. दाण्याचा कण पोटात गेला तर त्याचा श्वास अडकू शकतो, एवढ्याच शब्दांत. आजीला काम द्या. या मुलाच्या ताटाकडे तुम्ही लक्ष ठेवा, त्याला दुसरं कुणी काही भरवणार नाही हे तुम्ही बघा. माझ्या अनुभवात अशी आजी सगळ्यात चांगली राखण करते. प्रसाद म्हणून मुलाच्या हातावर केळं किंवा साखर ठेवा. मोठ्या माणसांना न चालणारा प्रसाद कपाळाला लावून परत ठेवायची मुभा आहे, हे वाढणाऱ्यांनाही माहीत असू द्या.

वाढायला पोरं कमी ठेवा आणि त्यांना नावानिशी पाहुणे दाखवा. मुलाला आणि जाऊबाईंना पहिल्या पंगतीत, सगळ्यांच्या आधी वाढा. अजून पळ्या एका गंजातून दुसऱ्यात गेलेल्या नसतात. बुफे असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तिथे अर्ध्या तासात भातात पोळीचे तुकडे आणि वरणात भजी पडलेली असतात. मुलाची आई डबा घेऊन आली तर वाईट वाटून घेऊ नका. सोवळ्याचं असेल तर बाजूच्या खोलीत पाट मांडा आणि घरातलं कुणी त्याच्याबरोबर जेवायला बसा, म्हणजे त्याला एकटं वाटणार नाही.

बाहेरून काही मागवणार असाल तर ते त्या दोघांच्या ताटात नको. संत्रा बर्फी असो की काजूकतली, सुट्या मिठाईत काय आहे आणि शेजारच्या ट्रेमध्ये काय होतं ते दुकानदारालाही खात्रीनं सांगता येत नाही. पाकीटबंद मालावर दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्याच्या जातीचे प्राणी, शेंगदाणा व सुका मेवा, सोयाबीन, ग्लुटेनची धान्यं आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सल्फाइट यांची सूचना द्यावी लागते. तीळ आणि मोहरी त्या सक्तीच्या यादीत नाहीत, त्यामुळे तिळाचा त्रास असलेल्यांसाठी घटकांची सगळी यादी वाचावी लागते. दुसऱ्या दिवशी मांसाहारी पाहुण्यांसाठी सावजी रस्सा मागवायचा बेत असेल तर त्या मसाल्यात काय पडलं ते आचारी सहसा सांगत नाही. मुलाला त्यातला थेंबही नको.

एवढं करूनही तयारी हवीच. मुलाच्या आईला विचारा की डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन जवळ ठेवायला दिलं आहे का, ते कुठे आहे आणि कोण देतं. खाल्ल्यावर अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, धाप, सतत उलट्या, एकदम मलूल होणं यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही. इंजेक्शन असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्यायचं, मग 108 ला फोन. ॲलर्जीची साधी गोळी गांधी कमी करते, अडकलेला श्वास सोडवत नाही. मुलाला आडवं ठेवा, पाय थोडे वर. धाप लागत असेल तर टेकून बसवा. उठवून चालवू नका. पाणी, हळद-दूध, काही पाजू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, काही तासांनी पुन्हा उचल होऊ शकते. तुमच्या घरापासून चोवीस तास तातडीची सोय असलेलं रुग्णालय कोणतं, मेडिकल, मेयो की मिहानचं एम्स, ते आजच ठरवून ठेवा. गणपतीच्या दिवसांत महाल आणि बडकस चौकाच्या बाजूला गाडी अडते, तेव्हा रस्ताही ठरवा.

राहिले घरी न्यायचे डबे. कार्य संपल्यावर आपण ज्याला त्याला पुरण, वडे, भाज्या बांधून देतो, आणि या गडबडीत दोरा बांधलेला गंज आणि साधा गंज एक होतात. जाऊबाईंचा आणि मुलाचा डबा पंगत बसायच्या आधीच भरून, नाव लिहून, वरच्या फळीवर ठेवा. डब्यावर काय आहे तेही लिहा, ‘पुरण, गहू नाही’, ‘भाजी, दाणे नाहीत’. तो डबा रात्री दुसऱ्याच घरात, दुसऱ्याच कुणाच्या हातून उघडला जाणार असतो.